रिकाम्या खुर्चीसमोरचा भरलेला ग्लास

गिऱ्हाईक टेबलावरून उठून गेलंय, खुर्ची रिकामी आहे आणि ग्लास अर्धा भरलेला. कुठल्याही बारमध्ये, कुठल्याही शनिवारी रात्री हे चित्र अनेक टेबलांवर दिसतं. उठून गेलेल्या माणसाला वाटतं, ग्लास आहे तिथेच आहे, त्याला काय होणार? काउंटरमागे उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या मनात मात्र त्याच क्षणी घड्याळ सुरू होतं. हा ग्लास कधीपासून एकटा आहे? त्याच्या आसपास कोण घुटमळतंय?

माझी उमेदीची वर्षं या धंद्यात गेली. हेल्पर म्हणून ग्लास पुसले, मग बारटेंडर झालो, कॅप्टन झालो, मॅनेजर झालो. आता हॉटेलांमधल्या नव्या पोरांना काम शिकवतो. पेग मोजायला शिकवण्याआधी मी त्यांना हा एकटा ग्लास दाखवतो. कुणाच्या पेयात काही मिसळलं जातं तेव्हा ते आमच्या छपराखाली आणि आमच्याच ग्लासात मिसळलं जातं. त्यामुळे ते रोखणं हे आधी आमचं काम आहे. त्यासाठी पडद्यामागे काय चालतं आणि काय चालायला हवं, त्याचे हे किस्से.

अण्णांची शिस्त

मी शिकलो मध्य मुंबईतल्या एका जुन्या परमिट रूममध्ये. मालक उडुपीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. क्वार्टर मागवली की बाटली बंदच टेबलावर न्यायची, गिऱ्हाइकाला लेबल दाखवायचं आणि सील त्याच्यासमोर तोडायचं, ही त्यांची शिस्त. सुटा पेग मागवला तर तीस मिलीचं माप टेबलाशी भरायचं. पाण्याच्या बाटलीचं झाकणही टेबलावरच उघडायचं. एखाद्या वेटरने घाईत सोडा आधीच फोडून आणला, तर अण्णा गल्ल्यावरून हाक मारायचे, "परत घे तो. दुसरा ने."

ही शिस्त आली होती भेसळीच्या भीतीतून. महागड्या बाटलीत हलका माल भरतात, माप मारतात, असा संशय गिऱ्हाइकाच्या मनात कायम असायचा आणि तो दूर करायला सगळं त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचं. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप साधली जायची. बाटलीचं सील तुटल्यापासून ग्लास ओठाला लागेपर्यंत पेय एक क्षणही नजरेआड होत नसे.

नव्या पद्धतीच्या बारमध्ये ही साखळी तुटली. ड्रिंक बनतं लांबच्या काउंटरवर. बारटेंडर ते पिकअपच्या कोपऱ्यात ठेवतो, ऑर्डरची चिठ्ठी त्याच्याशेजारी असते आणि वेटर मोकळा होईपर्यंत ग्लास तिथेच उभा राहतो. अंधेरीतल्या एका पबमध्ये हा कोपरा नेमका अशा जागी होता, जिथे गिऱ्हाइकं ऑर्डर द्यायला दाटीवाटीने उभी राहायची. मी मालकांना सांगितलं, ही जागा बदला. ते म्हणाले, "लाखो रुपयांचं काउंटर आहे, आता कुठे फोडायचं?" मग एका शनिवारी मी साध्या कपड्यांत गर्दीत उभा राहिलो, हात लांब करून पिकअपवरचा दुसऱ्याच टेबलाचा ग्लास उचलला आणि तो घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेलो. वाटेत मला कुणीही अडवलं नाही. मालकांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारी सुताराला बोलावलं. काउंटर फोडावं लागलंच नाही. पिकअपची जागा बारटेंडरच्या उजव्या हाताशी, आतल्या बाजूला घेतली आणि पुढे काचेची एक उभी पट्टी लावली, एवढ्यावर भागलं.

बारमध्ये जाल तेव्हा एकदा बघून घ्या, तुमचं ड्रिंक बनल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत कुठे कुठे थांबतं. चांगल्या बारमध्ये ते कुठेच एकटं थांबत नाही.

सिगारेट, फोन आणि कोस्टर

2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर बंदी आली. चांगलाच निर्णय होता. आमच्या फुफ्फुसांनी तरी त्याचे आभार मानायला हवेत. पण त्या दिवसापासून आमच्या फ्लोअरवर एक नवी गोष्ट घडू लागली. आधी सिगारेट ओढणारा माणूस ग्लास हातात धरून जागेवरच बसायचा. आता तो बाहेर जातो आणि ग्लास मागे राहतो. फोनचंही तसंच. आत गाण्यांचा आवाज, म्हणून बोलायला बाहेर जायचं. त्यात डान्स फ्लोअर आणि वॉशरूमची रांग. पूर्वीपेक्षा आज ग्लास कितीतरी जास्त वेळ एकटा असतो.

बरेच जण जाताना ग्लासावर कोस्टर किंवा टिश्यू ठेवतात. आमच्या भाषेत ती वेटरला केलेली खूण आहे: "मी परत येतोय, उचलू नकोस." त्याने ग्लास सुरक्षित होत नाही. उलट या ग्लासाचा मालक जागेवर नाही, हे लांबूनही कळतं. म्हणून मी जिथे जिथे मॅनेजर होतो तिथे एक पद्धत घालून दिली. एकटं बसलेलं कुणी बाहेर जाणार असेल, तर ग्लास काउंटरवर द्यायचा. आम्ही त्याच्यावर टेबल नंबरची चिठ्ठी लावून तो आतल्या फळीवर ठेवायचो आणि गिऱ्हाईक परत आलं की हातात द्यायचो. ज्याने ग्लास एकटा सोडला आणि परत आल्यावर ज्याला शंका वाटली, त्याला प्रश्न न विचारता नवं ड्रिंक द्यायचं, बिलात लावायचं नाही. मालक मंडळी आधी कुरकुर करतात. मी त्यांना सांगतो, रात्री फुटणाऱ्या ग्लासांचा खर्च तुम्ही मुकाट्याने सोसता, तसाच हाही सोसा.

पिचर आणि बियरच्या टॉवरबद्दल वेगळं सांगायला हवं. सहा जणांच्या टेबलावर तास-दीड तास उघडा राहणारा पिचर कुणा एकाच्या नजरेखाली नसतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. मोठ्या ग्रुपला मी नेहमी सुचवतो की बाटल्या घ्या, ज्याची त्याने आपल्या हातात धरा.

"मॅडमना सांगू नकोस"

लोकांना वाटतं, पेयात काही मिसळणारा माणूस खिशात पुडी घेऊन फिरणारा कुणी अट्टल गुन्हेगार असतो. काउंटरमागून दिसणारा माणूस बहुतेक वेळा फार साधा दिसतो, आणि तो आमच्याचकडे मदत मागायला येतो.

असाच एक जण आला होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. टेबलावर त्याच्यासोबत ऑफिसातली एक मुलगी होती आणि तिने फ्रेश लाइम सोडा मागवला होता. याने कोस्टरखालून पाचशेची नोट सरकवली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तिच्या लाइम सोड्यात एक व्होडका टाक. मॅडमना सांगू नकोस. जरा खुलेल."

आमच्या बारटेंडरने नोट तशीच परत सरकवली. "साहेब, ज्याचं ड्रिंक त्याने सांगायचं. मॅडमना विचारून येऊ का?"

"अरे, गंमत करतोय रे," म्हणत तो हसला आणि टेबलाकडे गेला. पोराने कॅप्टनला खूण केली. कॅप्टन स्वतः लाइम सोडा घेऊन गेला आणि मुलीसमोर ठेवताना स्पष्ट आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचा फ्रेश लाइम सोडा. यात दारू नाही. काही बदल हवा असेल तर तुम्ही स्वतः आम्हाला सांगा." मुलीने एकदा कॅप्टनकडे पाहिलं, एकदा समोरच्याकडे. थोड्याच वेळात तिने रिक्षा बोलावली आणि निघून गेली. कॅप्टन तिला रिक्षापर्यंत सोडून आला.

न सांगता दारू पाजणं हा गुन्हा आहे, गंमत नाही, हे मी प्रत्येक तुकडीला ठासून सांगतो. इजा करण्याच्या किंवा दुसरा गुन्हा करण्याच्या हेतूने कुणाला गुंगी आणणारा किंवा नशा आणणारा पदार्थ दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 328 होतं. तीसऐवजी साठ मिली ओतणारा, मॉकटेलमध्ये गुपचूप व्होडका टाकणारा बारटेंडरही या गुन्ह्यात सामील ठरू शकतो. पाचशेची नोट दहा वर्षांना पुरत नाही, हे पोरांना चटकन समजतं.

दारू हेच सर्वांत जास्त वापरलं जाणारं हत्यार आहे, हे प्रयोगशाळांच्या आकड्यांतही दिसतं. ब्रिटनमध्ये 2000 ते 2002 या तीन वर्षांत, औषध देऊन लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार असलेल्या 1014 प्रकरणांतले नमुने तपासले गेले. त्यांपैकी 46 टक्क्यांमध्ये दारू सापडली, 34 टक्क्यांमध्ये बेकायदा अमली पदार्थ. कुणीतरी मुद्दाम गुंगीचं औषध दिलं असावं, असं म्हणण्याजोगी प्रकरणं 21, म्हणजे साधारण 2 टक्के निघाली. या आकड्यांवरून कुणी तक्रारदार बायकांना खोटं ठरवू नये. काही औषधं शरीरातून इतक्या लवकर नाहीशी होतात की उशिरा घेतलेल्या नमुन्यात ती सापडतच नाहीत. आणि दारूने बेसावध केलेली व्यक्तीही तितकीच असहाय असते.

शिकागोचा मालक

धोका नेहमी गिऱ्हाइकांकडूनच येतो असंही नाही. अमेरिकेत शिकागो शहरात लोन स्टार सलून नावाचा एक बार होता. तो चालवणारा मिकी फिन आपल्याच गिऱ्हाइकांच्या पेयात गुंगीचं औषध घालून, त्यांना आतल्या खोलीत नेऊन लुटतो, असा आरोप झाला. तिथे काम करणाऱ्या बाईनेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर 1903 मध्ये तो बार बंद करण्यात आला.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी शिकवताना सांगतो, कारण बहुतेक बारमध्ये कॅमेरे गल्ल्यावर आणि दारावर असतात. गल्ल्यातला पैसा आणि दारातलं भांडण मालकाला दिसतं. ड्रिंक बनतं त्या जागेवर आणि पिकअपवर कॅमेरा असतोच असं नाही. तो असायला हवा. प्रामाणिक बारटेंडरचाही त्यात फायदा आहे. उद्या त्याच्यावर आळ आला, तर त्याचे हात काय करत होते हे दिसेल. लोन स्टारचा दुसरा धडा असा की आतली गोष्ट आतल्याच माणसाने उघड केली. ज्या बारमध्ये हेल्परलाही मॅनेजरकडे बेधडक जाऊन बोलता येतं, तिथे असले प्रकार मुरत नाहीत.

गुंगीचं औषध

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. "प्रवासात अनोळखी व्यक्तीने दिलेलं खाऊ-पिऊ नका" ही सूचना ऐकत आपण रेल्वेने फिरलो आहोत. बिस्किटातून, चहातून गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या बातम्या वाचतच मोठे झालो. मुंबईत अशा टोळ्यांना पोलीस आणि वार्ताहर झोपेच्या गोळीच्या नावावरून 'अटिवन गँग' म्हणत असत.

बारमध्येही लुटीसाठी हे होतं आणि त्यात पुरुष मोठ्या संख्येने सापडतात. एक व्यापारी गृहस्थ आमच्याकडे नेहमी एकटे यायचे. एका रात्री शेजारच्या टेबलावरच्या दोघांशी त्यांची ओळख झाली, पुढची बैठक दुसरीकडे रंगली आणि पहाटे ते एका बसस्टॉपवर शुद्धीवर आले. गळ्यातली चेन, अंगठी, पाकीट सगळं गेलं होतं. आठवड्याने येऊन त्यांनी मला हे सांगितलं, तेही कुजबुजत. पोलिसांत गेलात का विचारलं, तर म्हणाले, "घरी काय सांगू? पुरुष माणूस असून..." ही लाज चोरांच्या पथ्यावर पडते. तक्रार करायला बाई असावं लागत नाही.

औषध नजरेने ओळखता येईल का, असं मला हमखास विचारतात. भरवसा ठेवू नका. या कामासाठी बदनाम झालेल्या रोहिप्नॉल या गोळीत तिच्या कंपनीने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात निळा रंग घातला, म्हणजे फिकट पेयात ती पडली तर दिसावी. पण कोला किंवा गडद कॉकटेलमध्ये, त्यातही बारच्या मंद उजेडात, निळा रंग काय दिसणार? इतर औषधांना तर रंग नाहीच. चव खारट किंवा कडवट लागली, पेय गढूळ दिसलं, तर ते बाजूला ठेवावं हे खरंच. पण काहीच न जाणवणं म्हणजे पेय सुरक्षित आहे असं नाही.

मावशींची नजर

आम्हाला औषध दिसत नाही, माणूस दिसतो. आणि तो सगळ्यांत आधी दिसतो वॉशरूमबाहेर बसणाऱ्या मावशींना.

एका रात्री मावशी जागा सोडून थेट फ्लोअरवर आल्या. हे त्या कधीच करत नसत. कॅप्टनला म्हणाल्या, "ती निळ्या कुर्त्यातली पोरगी एकच बियर घेतली म्हणते, आणि तिला बेसिनचा नळ सापडत नाही. हात नुसता भिंतीवर फिरवतेय."

कॅप्टनने पहिलं काम केलं ते टेबलाचं बिल काढण्याचं. प्रत्येक ऑर्डरवर वेळ छापलेली असते. मुलीच्या नावावर एक पाइंट, वेळ नऊ चाळीस. आता वाजले होते दहा दहा. अर्ध्या तासात एका पाइंटने कुणी नळ शोधत नाही. बाहेरून पिऊन आली असेल का? दारावरच्या माणसाला ती आत येताना आठवत होती. सरळ चालत, हसत आली होती. एवढं पुरेसं होतं.

तिच्यासोबतचा माणूस वॉशरूमच्या दाराशी आला. "तिला जास्त झालीय. मी घरी सोडतो, गाडी बाहेर आहे."

बारमधला सर्वांत धोक्याचा क्षण हा आहे. ग्लासात काही पडलं, त्यापेक्षाही जास्त धोका दारातून बाहेर पडताना असतो. कारण आतापर्यंत तिच्या आसपास शंभर माणसं होती, पुढे एकच असणार आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी नेमकं याच क्षणी चुकतं. बाउन्सरला वाटतं, झिंगलेलं गिऱ्हाईक ओकेल, गोंधळ घालेल, आणि तो स्वतःच तिला गाडीत बसवायला मदत करतो.

कॅप्टनने त्या माणसाला विचारलं, "सर, मॅडमचं पूर्ण नाव काय?" त्याने पहिलं नाव सांगितलं. आडनाव? "ॲपवर ओळख झालीय आमची." राहतात कुठे? "ते... ठाण्याकडे." कॅप्टन शांतपणे म्हणाला, "तुम्ही बसा सर, आम्ही त्यांच्या घरच्यांना फोन लावतो." मावशींनी मुलीला आतल्या स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसवलं आणि तिचा फोन तिच्याच बोटाने उघडून ताईचा नंबर लावला. तो माणूस "गाडी बघून येतो" म्हणून गेला, तो परत आलाच नाही. बिलही भरलं नाही.

मुलीला आम्ही टॅक्सीने जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, मावशी सोबत गेल्या. तासाभराने तिची ताई तिथे पोहोचली. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी ती सुखरूप घरी गेली. त्या महिन्यात मालकांनी मावशींचा पगार वाढवला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी काउंटरला जोडलेली एक घंटी बसवली.

अँजेला कुठे आहे?

इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये 2016 साली एक मोहीम सुरू झाली. सोबतच्या माणसाची भीती वाटू लागली, तर काउंटरवर जाऊन "अँजेला आहे का?" असं विचारायचं. स्टाफने ओळखायचं, बाजूला न्यायचं, टॅक्सी बोलवायची किंवा पोलिसांना कळवायचं. ही कल्पना देशोदेशी पसरली. पण 2024 मध्ये बीबीसीच्या वार्ताहरांनी लंडनमधल्या बारमध्ये जाऊन हा शब्द उच्चारून पाहिला, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी स्टाफला काही कळलंच नाही. भिंतीवर पोस्टर होतं, पण पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या धंद्यात माणसं महिन्या-दोन महिन्यांनी नोकरी बदलतात, त्यामुळे एकदा दिलेलं प्रशिक्षण वाहून जातं. मी मालकांना सांगतो, रोज संध्याकाळी दार उघडण्यापूर्वी जी पाच मिनिटांची मीटिंग घेता, त्यात मेन्यूतल्या खास पदार्थांसोबत हाही विषय रोज घ्या.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर मोठा उठाव झाला तो 2021च्या शरद ऋतूत. सुईने टोचून गुंगी आणल्याच्या तक्रारी वाढल्या आणि विद्यापीठांच्या गावांतल्या मुलींनी ऑक्टोबरमध्ये क्लबवर बहिष्कार टाकून एक रात्र घरी काढली. मे 2022 ते एप्रिल 2023 या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे गुंगी आणल्याच्या सगळ्या मिळून 6732 तक्रारी आल्या, त्यांतल्या 957 सुईच्या होत्या. लोक बोलू लागले की असे आकडे समोर येतात.

झाकणं आणि पट्ट्या

उपकरणंही बरीच आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी, औषध असलेल्या पेयात बोट बुडवलं की रंग बदलेल अशा नेल पॉलिशची कल्पना मांडली. फ्लोरिडातल्या एका शाळकरी मुलीने केसांच्या रबरबँडमधून निघणारं ग्लासाचं कापडी झाकण बनवलं. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. तिथल्या ठरावीक परवान्याच्या बार आणि नाइटक्लबना 1 जुलै 2024 पासून पेय तपासण्याचे किट ठेवणं आणि तशी पाटी लावणं बंधनकारक झालं. 1 जुलै 2025 पासून मागेल त्याला ग्लासाचं झाकणही द्यावं लागतं.

झाकण मला आवडतं. ते स्वस्त आहे, आणि आपल्याकडच्या बारमालकांनी ते आजच ठेवायला हरकत नाही. तपासणीच्या पट्टीवर माझा तेवढा भरवसा नाही. ती ठरावीक औषधंच ओळखते आणि गुपचूप टाकलेली जादा दारू तिला कळत नाही. पट्टीचा रंग बदलला नाही म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

ग्लास धुऊ नका

शंका आली की बारमधला पहिला शत्रू म्हणजे आमची स्वतःची सफाई. टेबल रिकामं झालं की दोन मिनिटांत ग्लास धुण्याच्या ट्रेमध्ये जातो आणि पुरावा गटारात. म्हणून माझा नियम आहे: गिऱ्हाइकाची तब्येत अचानक बिघडली, तर त्या टेबलावरचं काहीही उचलायचं नाही. ग्लास उरलेल्या पेयासकट क्लिंग फिल्मने झाकायचा, वेळ आणि टेबल नंबर लिहायचा, थंड जागी कुलपात ठेवायचा आणि पोलिसांच्या हवाली करायचा. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगवर काही दिवसांनी नवं रेकॉर्डिंग चढतं, म्हणून त्याच रात्री कॉपी काढायची. बिलाची प्रत जपायची.

ज्याच्यावर प्रसंग आला त्याने, किंवा त्याच्या सोबत्याने, वेळ दवडू नये. जीएचबीसारखं गुंगीचं औषध रक्तात सहा ते आठ तास आणि लघवीत साधारण बारा तासच सापडतं. इतर काही औषधं दोन-तीन दिवस टिकतात. म्हणून लगेच हॉस्पिटल गाठा, "पेयात काही मिसळल्याचा संशय आहे" हे शब्द वापरून डॉक्टरांना सांगा, रक्त आणि लघवीचे नमुने घ्यायला सांगा. शक्य असेल तर त्याआधी लघवीला जाऊ नका. पोलिसांसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत. घटना कुठल्याही हद्दीतली असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. तिथे पैसे मागितले तर देऊ नका, कायदा सांगा.

आणि "तू प्यायलास कशाला?", "तू एकटी गेलीस कशाला?" हे प्रश्न विचारू नका. डॉक्टरांनीही नको, पोलिसांनीही नको, घरच्यांनी तर मुळीच नको. या प्रश्नांच्या भीतीने लोक गप्प बसतात आणि नमुना देण्याची वेळ निघून जाते.

बारमालकांना माझं सांगणं थोडक्यात असं: पिकअप आत घ्या, ड्रिंक बनतं तिथे कॅमेरा लावा, मागेल त्याला नवा ग्लास द्या, आणि वॉशरूमच्या मावशींना मीटिंगमध्ये बसवा. वाचकांना सांगणं त्याहूनही थोडक्यात आहे. आपलं पेय आपल्या हातात ठेवा, एकटं सोडलेलं पिऊ नका. सोबत आलेल्या प्रत्येकाला सोबतच घेऊन निघा. आणि एखादा माणूस झिंगलेल्या अनोळखी मुलीला किंवा मुलाला आधार देत दाराकडे नेताना दिसला, तर संकोच न करता काउंटरवर येऊन आम्हाला सांगा. शंका खोटी ठरली तर आम्ही त्या गिऱ्हाइकाची माफी मागू. ती जबाबदारी आमची.